समासातली नोंद

सुईबाईला तुम्ही कितपत ओळखता, असं कुणी विचारलं असतं तर काकांनी चष्मा पुसायला घेतला असता. अकरा वर्षं दोघं एकाच खोलीत, नऊ फुटांच्या अंतरावर बसत होती. पण ती चहात साखर घेत नाही, दोरा दाताने तोडते आणि तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, यापलीकडे त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. तिला मूल नाही हे ठाऊक होतं. त्याबद्दल विचारायचं नसतं, हेही ठाऊक होतं.

खोली नगरपालिकेच्या दप्तरखान्यामागची. जन्माची, मृत्यूची, घरपट्टीची जुनी रजिस्टरं पाठ मोडली की तिथे येत. सुईबाई ती उसवायची, पानं सांधायची आणि पुन्हा शिवायची. तिचं नाव दुसरंच काही होतं, पण शिवणाऱ्या बाईला सगळे सुईबाईच म्हणत. शिवून झालं की काका पुठ्ठा चढवत, आणि त्याआधी मशीनवर तिन्ही कडा कापत. काकांच्या कडा म्हणजे आरसा. बोट फिरवलं तर कुठे अडखळायचं नाही. त्यासाठी ते पातं गरजेपेक्षा सूतभर आत घेत. ही त्यांची जुनी खोड, आणि खरं सांगायचं तर जुना अभिमान.

त्या वर्षी सुईबाई दर मंगळवारी अर्धी रजा घेऊ लागली. महिनाभराने तिने आपणहून सांगितलं, तेही खळ ढवळता ढवळता.

"सरकारी इस्पितळात नाव घातलं होतं, काका. ट्रीटमेंटसाठी. दोन वर्षांनी नंबर लागलाय."

"अरे वा," काका म्हणाले.

"कसलं वा! सव्वीस तारखेला बोलावलंय, आणि एकोणीसला मला चाळीस पूर्ण होतात. चाळीसनंतर फुकट नाही. खिडकीवरची बाई म्हणते, नाव यादीतून आपोआप निघतं, मी नाही काढत, मशीन काढतं."

"मग?"

"मग काय! मला चाळीस होतच नाहीत. एकोणचाळीस होतात."

गोष्ट अशी होती. तिच्या वडिलांनी दोघी बहिणींना एकाच दिवशी शाळेत घातलं. दोनदा सुट्टी कोण काढणार, म्हणून धाकटीचं, म्हणजे सुईबाईचं, वय एका वर्षाने वाढवून सांगितलं. तेच शाळेच्या दाखल्यावर आलं, तेच नोकरीच्या कागदावर. जन्माचा दाखला तिने कधी काढलाच नव्हता; कधी लागला नव्हता. मूल होण्याची तीच ट्रीटमेंट बाहेर पैसे भरून घ्यायची म्हटलं तर लिफ्टवाल्याचा दोन वर्षांचा पगारही पुरला नसता. म्हणजे सगळं एका तारखेवर येऊन ठेपलं होतं.

"आई म्हणते, जन्माची नोंद आहे," ती म्हणाली. "बाबा दोन महिने उशिरा गेले नोंदवायला. पानावर जागा नव्हती. कारकून कुरकुरला आणि वही उभी धरून कडेला लिहून मोकळा झाला."

"कडेला," काका म्हणाले.

"हो, समासात. तेव्हा तसंच करत म्हणे."

ते रजिस्टर तिने दुसऱ्याच दिवशी दप्तरखान्यातून आणलं. पान सापडलं. बाहेरच्या कडेला, अगदी काठावर, शाईचे बारीक ठिपके आणि रेघा होत्या. अक्षरांचे पाय तेवढे उरले होते. रांगेने उभे पाय, वर माणसं नाहीत.

तिने रजिस्टर मिटलं आणि मागचा पुठ्ठा उघडला. प्रत्येक बाइंडर आपल्या कामावर आतून नंबराची चिठ्ठी चिकटवतो. तशी पद्धतच आहे, म्हणजे काम सुटलं तर कुणाचे कान धरायचे ते कळतं.

"काका, सात नंबर तुमचाच ना?"

काका चष्मा शोधू लागले. तो कपाळावरच होता.

"माझा," शेवटी ते म्हणाले. "चोवीस वर्षं झाली असतील."

कडेवरून तिने बोट फिरवलं. बोट कुठेही अडखळलं नाही.

"कड मात्र झकास कापलीत," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. तीनदा हुकला. चौथ्यांदा गेला.

तो दिवस काकांनी कसाबसा ढकलला. दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा तासभर आधी आले आणि रजिस्टरच्या शेवटच्या पानावर बोट ठेवून तिची वाट पाहत बसले. वर्षअखेरीला कारकून तिथे एकूण जन्म लिहून सही करायचा. आकडा होता चारशे बारा.

"ओळी मोज," काका म्हणाले.

तिने सुईचं टोक एकेका ओळीवर टेकवत मोजल्या. पुन्हा काकांनी मोजल्या. चारशे नऊ.

"तीन जण कापलेत तुम्ही," ती म्हणाली.

"तीन," काकांनी कबूल केलं.

दप्तरखान्याच्या साहेबांनी दोन्ही पानं पाहिली, डोकं खाजवलं. "बेरीज जुळत नाही हे खरं. पण समासात नोंद होती आणि ती बाइंडिंगमध्ये गेली, हे कुणीतरी लेखी द्यायला हवं. तारखेसाठी आईचं प्रतिज्ञापत्र घेऊ, पण आधी हे."

काकांच्या निवृत्तीला आठ महिने होते. चाळीस वर्षांत त्यांच्यावर एक ठपका नव्हता. शिवाय लिहिणं म्हणजे त्यांना संकट. आयुष्य वह्या बांधण्यात गेलं, पण वहीत चार ओळी लिहायची वेळ क्वचितच आली होती. पाच कागद फाडले. सहाव्यावर तीन वाक्यं उतरली: हे रजिस्टर मी बांधलं. कडा गरजेपेक्षा आत कापल्या. समासात लिहिलेलं कापलं गेलं, ते मी पाहिलं नाही.

"काका, नीट विचार करा," साहेब म्हणाले. "हे लिहून दिलंत तर उद्या सगळं गाव येईल, आमचं समासातलं द्या म्हणून."

"येऊ द्या. मी आठ महिने आहे इथे."

साहेब हसले नाहीत, पण सही केली. काकांच्या फायलीत समज दिल्याचं एक पत्र लागलं, तेवढ्यावर निभावलं. दाखला सव्वीस तारखेच्या दोन दिवस आधी मिळाला. इस्पितळाच्या खिडकीवर तो ठेवला तेव्हा मशीनने नाव पुन्हा यादीत घेतलं, असं सुईबाईने येऊन सांगितलं.

"बाई काय म्हणाली?"

"म्हणाली, एका वर्षाने लहान झालात, पेढे द्या."

त्या एका वर्षात दोन प्रयत्न बसले. पहिला तीन आठवड्यांतच फसला. दुसरा नऊ आठवडे टिकला. त्या नऊ आठवड्यांत काका जड रजिस्टरं स्वतः उचलून तिच्या टेबलावर ठेवत आणि कशासाठी ते बोलत नसत. मग एका बुधवारी ती आली, तिने स्वतःच कपाटातून रजिस्टर उचललं, आणि काकांना कळलं.

तिसऱ्यासाठी पुन्हा रांग होती. नंबर लागेपर्यंत एकोणीस तारीख आली, या वेळी खरी.

काका तोवर निवृत्त झाले होते. राहिलेली हत्यारं न्यायला ते एकदा दुपारी आले, तेव्हा ती मशीनवर होती. कापायचं कामही आता तिच्याकडेच होतं.

"इस्पितळाचं पत्र आलं," ती म्हणाली. "नाव निघालं यादीतून."

काका खाली पाहत राहिले. "माझ्यामुळे जो वेळ वाया गेला—"

"छे हो. तुम्ही लिहून दिलं नसतं तर दोन प्रयत्नही झाले नसते. आता झाले मला चाळीस. या वेळी कुणाची चूक नाही." तिने पातं वर घेतलं. "कड बघा बरं. चालेल?"

काकांनी बोट फिरवलं. जरा खरखरीत होती. पानावरची शेवटची अक्षरं कडेपासून चांगली बोटभर आत होती.

"चालेल."

त्यांनी कात्री आणि घड्या दाबायची हाडाची पट्टी पिशवीत टाकली. तिने पुढचं रजिस्टर ओढलं आणि पानं मोजायला लागली. मोजणी मोडू नये म्हणून काका न बोलता दारापर्यंत गेले.

"काका, दार ओढून घ्या. कागद उडतात."

"घेतो."