चित्रात आधीच पडलेलं देऊळ

ती घटना आठवली की आजही डोकं तापतं, आणि त्यातला निम्मा राग माझ्या स्वतःवरच आहे. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मेहकर तालुक्यात फौजदार होतो.

जानेफळच्या बाजारात एका गवंड्याने आमच्या जमादाराच्या कानावर घातलं, की जवळच्या गावात एका बड्या जमीनदाराच्या नव्या गोठ्याच्या जोत्यात कोरीव दगड बसवलेत, तेही नक्षी आतल्या अंगाला करून. दुसऱ्या दिवशी त्याच गावचा म्हातारा गुरव ठाण्यावर आला. तो लेकीकडे जळगाव जामोदला गेला होता. तेवढ्या चार दिवसांत त्याचं महादेवाचं देऊळ कुणी उतरवून नेलं होतं.

जमीनदाराने दगड नाकारले नाहीत. "पडकंच होतं ते. तिथं कोनी पूजा करत नव्हतं," म्हणाला, आणि घरच्या बैठकीतलं त्याच देवळाचं काचेत मढवलेलं चित्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं. तालुक्याच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी दोन वर्षांपूर्वी लाकडी ठोकळा कोरून ते छापलं होतं. शिखर ढासळलेलं, माणूस एकही नाही. देऊळ आधीच ओसाड पडलेलं असेल, तर पूजास्थान फोडल्याचा गुन्हा उभाच राहत नव्हता. जबाब घ्यायला गेलो तर गाव मूग गिळून बसलेलं. निम्मं गाव त्याच्याच वावरात राबत होतं. मग मी काय केलं? खोटी फिर्याद दिली म्हणून गुरवालाच आत टाकायची धमकी दिली.

म्हातारा चित्राकडे बघत म्हणाला, "साहेब, मास्तर हे काढून राह्यले होते तवा मी पायरीवरच बसून होतो. मंग मी याच्यात काऊन नाही?"

मास्तरांना बोलावलं. भला माणूस, नखांत काळी शाई.

"देऊळ उभं होतं की पडलेलं?"

"उभंच होतं. पण साहेब, पडकी वास्तू म्हणजे काळाचं प्रतीक. उभ्या देवळात ते येत नाही. म्हणून ठोकळ्यावरचं शिखर मी कोरून काढून टाकलं."

"आणि पायरीवरचा गुरव?"

"माणूस असला की ओसाडपणा जातो."

मी टेबलावर मूठ आपटली. जिवंत माणूस यांना अडचण! पण मास्तर खोटं बोलले नाहीत. कोरता कोरता मधेच एक कच्चा छाप काढून बघायची त्यांची पद्धत होती. तो शाळेच्या कपाटातून आणला. शिखर जागेवर, आणि पायरीवर गुडघे पोटाशी घेतलेला गुरव. पंचांसमक्ष जप्त केला.

तो समोर धरताच जमीनदाराची बोबडी वळली. शेवटी म्हणाला, "चितर घरी आलं तवाच वाटलं, आता लोक पडकंच मानतीन." मग गवंड्यानेही जबाब दिला. कोर्टात शिक्षा झाली.

तेव्हापासून पडक्या भिंतीपुढे कुणी "काळाचा महिमा" म्हणून उसासा टाकला की मला चीड येते. काळ पहार घेऊन येत नाही. पहार कुणाच्या हातात होती ते आधी विचारावं, आणि तिथे राहणाऱ्याला विचारावं. मी मात्र टेबलावरच्या चित्राला विचारलं.

दगड परत मिळाले, पण शिखर रचणारं कुणी नव्हतं. मी माफी मागायला गेलो तेव्हा गुरव त्या ढिगाऱ्यात दिवा लावत होता. मान वर न करता म्हणाला, "मास्तरले सांगजा साहेब, आता चितर बरोबर आलं."