उपयोगाचा रकाना

आमच्या भाऊजींइतका सरळ माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्यालाही संशोधनासाठी अनुदान मिळालं नसणार. ताईचे हे यजमान विद्यापीठात जीवशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात कळव्याच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभे असायचे. लग्नाच्या पंगतीला बसले तरी नखांत खाडी दिसायची. त्या चिखलातल्या जिवाणूंचे नमुने त्यांनी अकरा वर्षं, दर अमावास्येच्या ओहोटीला, बाटल्यांत भरले. ते जिवंत ठेवायला उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर हवा होता. विभागाकडे तो नव्हता, म्हणून बाटल्या डोंबिवलीला ताईच्या फ्रीजमध्ये. एकदा आम्रखंड समजून ताईने भलतीच बाटली पानापाशी आणली. तेव्हापासून तिच्याकडे पाहुणेसुद्धा डब्यावरची तारीख वाचून मगच जेवत.

फ्रीजरसाठी भाऊजी दरवर्षी अनुदानाचा अर्ज करत आणि दरवर्षी एकाच जागी अडत. ‘संशोधनाचा समाजाला अपेक्षित उपयोग’ या रकान्यात ते सुवाच्य अक्षरात लिहीत, ‘अजून माहीत नाही.’

“भाऊजी, काहीतरी ठोकून द्या ना!” मी वैतागून म्हणायचो.

“अरे, माहीत असतं तर शोधत कशाला बसलो असतो?”

निवृत्ती जवळ आली तेव्हा अर्ज मीच टाइप करायला घेतला. जन्म सरकारी कचेरीत गेलेला. रकाने कसे भरतात ते मला ठाऊक होतं. खाडीची सफाई, कोळीवाड्यांना रोजगार, नवी औषधं, काही म्हणून सोडलं नाही. भाऊजींनी माझ्यावर विश्वासून न वाचता सही केली, आणि अनुदान चक्क मंजूर झालं. फ्रीजचे दोन खण मोकळे होणार म्हणून ताईने पेढे वाटले. भाऊजी मंजुरीपत्र वाचत होते. माझा रकाना त्यात जसाच्या तसा उतरला होता. हातातला पेढा त्यांनी बशीत परत ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी कळवलं, ‘हे मी आज म्हणू शकत नाही. कृपया रकाना दुरुस्त करावा.’ रकाना दुरुस्त झाला नाही, अनुदान रद्द झालं.

घरच्या फ्रीजने जमेल तेवढं केलं. निवृत्तीनंतर त्यांनी नमुने तपासले, तर एकाही बाटलीत जिवंत काही उरलं नव्हतं. आम्ही दोघं कळव्याला गेलो. एकेक बाटली त्यांनी खाडीत रिकामी केली, विसळली, पुसली. बाटल्या विभागाच्या होत्या, जमा करायच्या होत्या.

“भाऊजी, माझं चुकलं,” मी म्हटलं.

“नाही रे,” ते झाकण लावत म्हणाले, “तू लिहिलेलं कदाचित खरंही निघालं असतं. आता कळायचं नाही, एवढंच.”