घाम थांबलेला माणूस

२००६ च्या एप्रिलमध्ये आमची कंपनी चेन्नईला आली. बराकी शहराच्या दक्षिणेला, समुद्रापासून दोन किलोमीटरवर होत्या. मी हवालदार होतो, कंपनीचा पीटी उस्ताद. जवान बहुतेक सातारा, सांगली आणि विदर्भातले.

पहिल्याच आठवड्यात कळलं, इथे काही सुकत नाही. रात्री धुतलेली बनियन पहाटे ओलीच अंगात घालावी लागे. चार दिवस न वापरलेल्या बुटांवर बुरशी धरे. रायफलींना दिवसातून दोनदा तेल. कमरेला घामोळ्या, त्यावर बेल्ट. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की थोडं बरं वाटे. काही दिवस तो सुटतच नसे.

कंपनीचा नर्सिंग असिस्टंट होता नाईक गोविंद राव. जवान त्याला डॉक्टर म्हणत. त्याचं घर टी. नगरमध्ये, घराणं तंजावरचं. मराठी जुन्या पोथीतली आणि हेल तमिळ. दर परेडआधी तो रांगेतल्या प्रत्येकाला मिठाचं ताक पाजायचा आणि कपाळाला हात लावून पाहायचा.

"घाम येतो तोवर भय नाहीं," तो सांगे. "थांबला, म्हणजे मनुष्य बरा नव्हे."

अकोल्याच्या शिपाई संतोष वानखडेला हे पटत नसे.

"डॉक्टर, इथं अडतीस आहे. आमच्याकडे पंचेचाळीसमध्ये लोक वरातीत नाचतात."

"तिथें घाम उडून जातो, बाबा. इथें अंगावरच राहतो. मग अंग निवणार कसें?"

"तुम्ही या तं खरं अकोल्याले. नाचवतोच तुम्हाले."

रांग हसली. मीही हसलो.

मे महिन्यात कंपन्यांची दौड होती. प्रत्येक कंपनीचे वीस जवान, दहा किलोमीटर, पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल. वेळ शेवटच्या जवानाची धरत. एकही जवान गळला तर टीम बाद. ट्रॉफी सलग तीन वर्षं आमच्याकडे होती. सुरुवात साडेपाचला ठरली होती, पण पाहुणे उशिरा आले आणि झेंडा सातला पडला. वारा नव्हता.

सातव्या किलोमीटरपर्यंत आम्ही दीड मिनिटाने पुढे होतो. तिथे वानखडेची चाल बिघडली. मी दोघांना त्याच्या काखेत हात घालायला सांगितलं.

"वानखडे, किती राहिलं?"

"वरात पुढं गेली, उस्ताद."

मला वाटलं, थट्टा करतोय. मी टीमला वेग वाढवायला सांगितलं. मागून राव धावत आला आणि त्याने वानखडेच्या मानेला हात लावला.

"उस्ताद, थांबवा. हा कोरडा आहे."

"तीन किलोमीटर राहिलेत. डॉक्टर, मागे हो."

राव मागे झाला नाही. त्याने वानखडेचा बेल्ट धरला आणि त्याला रस्त्याच्या कडेला ओढलं.

"माझ्यावर चार्ज लावा, उस्ताद. पण मनुष्य इथेंच निजवा."

मी वानखडेचं कपाळ पाहिलं. बाकी एकोणीस जण निथळत होते. त्याची कातडी लाल आणि कोरडी होती. मी म्हणालो, "थम."

आम्ही त्याला एका झाडाखाली निजवलं आणि कपडे कापून काढले. रावचा थर्मामीटर एकशे सातच्या पुढे गेला. पाण्याच्या बाटल्या ओतल्या, पण ते पाणी आमच्याइतकंच गरम होतं. समोर दोन कोळिणी मासे विकत होत्या. राव तिकडे पळाला.

"अक्का, ऐस! सीक्रम!" बर्फ, लवकर.

मोठीने एकदा झाडाकडे पाहिलं आणि मासळीची पेटी रस्त्यावर उलटी केली. रावने मासे पायाखाली येतील म्हणून ते उचलायला हात घातला, तर ती ओरडली, "मीन पोनाल पोगट्टुम!" मासे गेले तर जाऊ देत. तो बर्फ आम्ही वानखडेच्या मानेला, काखांत, जांघांत लावला. उरलेले जवान टोप्यांनी वारा घालत होते.

मी वायरलेस सेट उचलला. "अल्फा फॉर कंट्रोल. एक कॅज्युअल्टी, हीट स्ट्रोक. सात किलोमीटरचा दगड. ॲम्ब्युलन्स. ओव्हर."

"कंट्रोल. बाकी टीम पुढे येते आहे का? ओव्हर."

"नाही. अल्फा बाद. ॲम्ब्युलन्स पाठवा. आउट."

ॲम्ब्युलन्स बावीस मिनिटांनी आली. तोवर थर्मामीटर एकशे दोनवर उतरला होता. तिच्यातून आलेल्या डॉक्टर मेजर साहेबांनी तपासून विचारलं, "बर्फ कोणी लावला?" मी रावकडे बोट केलं. ते म्हणाले, "आणखी दहा मिनिटं पळवला असता तर हा वाचला नसता."

पळवणारा मी होतो. रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलं. रावने हुकूम मोडला आणि तो बरोबर होता, हेही लिहिलं.

वानखडे सहा आठवड्यांनी ड्यूटीवर परतला. ट्रॉफीच्या फळीवर त्या वर्षी आमचं नाव नाही. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी ताठ मानेने सांगतो ती दौड हीच.

नाईक गोविंद राव दोन वर्षांनी उत्तरेत, खोऱ्यातल्या एका चकमकीत पडला. त्याला घरी पोचवायला आम्ही चेन्नईला गेलो. खांदा देणाऱ्यांत वानखडे होता. रावच्या वडिलांनी मला एकच विचारलं, "आपण तेथें होतां काय?"

मी नव्हतो. जे कळलं होतं ते सांगितलं. उघड्यावर एक जखमी शिपाई पडला होता. पुढच्या हवालदाराने रावला आडोशाला थांबायला सांगितलं. राव थांबला नाही. त्याने त्या शिपायाला बेल्टला धरून वीस पावलं ओढत आणलं, पट्टी बांधली आणि मग रावला गोळी लागली.

शिपाई जिवंत आहे.