शुक्रवारची परवानगी

मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं, आणि हे मी आजही मान वर करून सांगते. आमच्या आगरदांड्यात तेव्हा ते कुणाच्या पचनी पडलं नव्हतं. मुलीनं शिकायचंच तर नर्सिंग, नाहीतर डी.एड. शेजारची खाला तर तोंडावर म्हणाली, "लोकांच्या घरात डोकवायचं, त्याला पन डिग्री हाय? मग मला कवाच मिलायला हवी व्हती."

मला राग आला. तो मला लवकर येतो. पण खाला अगदीच चुकीचं बोलत नव्हती. आम्हाला शिकवणाऱ्या बाई तळा गावाहून एसटीनं यायच्या, पदरानं घाम पुसत थेट वर्गात. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या होत्या, "प्रश्न विचारा, उत्तर नीट ऐका, आणि मग त्या घरात नजर फिरवा. ऐकलेलं आणि दिसलेलं जुळेना झालं, की आपला विषय सुरू झाला म्हणून समजा." त्या दिवसापासून मी या विषयाच्या प्रेमात पडले ती पडलेच.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता. घरातले पुरुष आखातात नोकरीला असतील तर घरातले निर्णय कोण घेतं, हा विषय मी घेतला. आमच्या मोहल्ल्यात अशी घरं शोधत फिरावं लागत नाही. आमचं घर त्यातलंच. मी चालायला लागायच्या आधीपासून अब्बा कुवेतला होते.

घरोघरी गेले, तर बायकांचं उत्तर एकच. "ते सांगतील तसं करायचं. आमाला काय समजतं?" हे सांगणारी बाई बोलता बोलता गवंड्याला झापत असायची, नाहीतर धाकट्याची शाळा बदलून नुकतीच घरी टेकलेली असायची. मी नजर फिरवत राहिले आणि हळूहळू आमच्याच मोहल्ल्याची रीत मला उलगडली. काम आधी उरकून टाकायचं. मग शुक्रवारी, तिकडे सुट्टी असते तेव्हा, व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला विचारायचं, "करून घेऊ का?" तो थोडा विचार करणार, एखादी सूचना देणार आणि मग हो म्हणणार. ती म्हणणार, "तुमी म्हनता तर करते." खालानं गच्चीवर पाण्याची टाकी बसवून, भरून, वर त्या पाण्यानं आंघोळ करून मग विचारलं. तिचा नवरा म्हणाला, बसव, पण काळी नको, निळी घे. दुसऱ्या दिवशी खाला त्या काळ्या टाकीला निळा रंग फासत होती आणि खाली शिडी धरून मी उभी होते.

हे सगळं मी कुणाचंही नाव न घेता लिहिलं. बाई खूश झाल्या. महाविद्यालयात सगळ्यांसमोर वाचायला माझाच प्रकल्प निवडला गेला. पालकांनाही बोलावलं होतं, आणि नेमके त्याच आठवड्यात अब्बा सुट्टीवर आले. लेकीचं ऐकायला जाणार, असं त्यांनी जेट्टीवर भेटेल त्याला सांगून टाकलं.

अम्मीचा चेहरा उतरला. स्वयंपाकघराचं दार लोटून ती म्हणाली, "नाव न्हाय घेतलंस, पन त्यांना समजनार न्हाय का? येवढी वर्सं मानूस एकटा तिकडं राहिला. घरात त्याचं काय चालत न्हाय, हे त्याला लेकीनं सांगायचं? चारचौघांत?"

 मला खोटं वाचायचं नव्हतं आणि अब्बांची मान खाली गेलेली बघायचीही नव्हती. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "लिहिलंस ते खरं आहे. वाचायचं की नाही, ते मात्र तूच ठरव." रात्रभर कूस बदलली आणि सकाळी ठरवलं, वाचायचं.

टाकीच्या किश्शाला सभागृह हसलं. अब्बा हसले नाहीत. अम्मी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. वाचून झाल्यावर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे या बायका नवऱ्यांना फसवतात, असा तुमचा निष्कर्ष आहे का?"

 एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण तेव्हा मी नुसते हातातले कागद चाळू लागले. तेवढ्यात अब्बा उभे राहिले.

"साहेब, मी बोलू का? मी पन त्यातलाच." ते अम्मीकडे न बघता बोलू लागले. "हिनं मला विचारलं, पडवीवर पत्रे घालून घेऊ का. तवा फोनमधून पत्र्यावर पाऊस वाजत व्हता. मी ऐकत व्हतो. म्हटलं, घाल."

लोक पुन्हा हसले. ते हसू ओसरेपर्यंत अब्बा थांबले.

"आमाला सगल्यांना समजतं साहेब. एका खोलीत आमी आठ मानसं. शुक्रवारी ज्याला घरून कायतरी विचारतात, तो दिवसभर खुशीत असतो. ज्याला कोन काय विचारत न्हाय, तो भिंतीकडं तोंड करून झोपतो. यात फसवनं कसलं? ही विचारते, म्हनून माजं घर हाय."

एवढं बोलून ते बसले. मी पुन्हा माईककडे वळले आणि परीक्षकांना म्हटलं, "सर, माझा निष्कर्ष हाच."  माझ्या विषयाचा, माझ्या मोहल्ल्याचा आणि त्या खाली बसलेल्या माणसाचा मला इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता. मागून बाईंनी पाठ थोपटली.

बाहेर पडल्यावर फाटकापाशी अम्मीनं अब्बांना गाठलं. "येवढं समजत व्हतं, तर मला बोललात का न्हाय कदी?"

अब्बा म्हणाले, "बोललो असतो, तर तू विचारायची थांबली असतीस."