देवी आली तेव्हाच्या चपला

आईचं कपाट आवरताना आज कागदात गुंडाळलेला एक जोड सापडला, डावी चप्पल लाल, उजवी तपकिरी, आणि मला भिलाईच्या टॉकीजमधली ती दुपार आठवली. पडद्यावर भुतानं देवीची मूर्ती फोडली तशी आई उठलीच. "मले नाई पाह्यचं, पाप लागते." स्टील प्लांटमधून पहिली पाळी करून तसेच आलेले बाबा तिचा पदर धरून म्हणाले, "अवं बस, देवी येतेच." "नाई आली तं?" "तं महिनाभर भांडे मी घासतो." ती बसली, पण निघायच्या बेतात. मग शंख वाजला, पडदा लाल झाला आणि देवी प्रकटली. आईनं घाईनं चपला काढल्या, तिचं पाहून अख्ख्या रांगेनं काढल्या. सगळा हॉल जयजयकार करत उभा राहिला, आणि घरात कधी आवाज न चढवणाऱ्या बाबांनी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. दिवे लागल्यावर जो तो खुर्च्यांखाली चपला शोधत होता. आईला या दोनच मिळाल्या, आणि त्याच घालून ती सेक्टर सहातल्या घरापर्यंत स्कूटरवर हसत आली. "देवीसमोरच्या आहेत, राहू दे," म्हणत तिनं त्या जपल्या. तिच्या बाकीच्या चपला आम्ही वाटून टाकल्या. हा जोड कुणालाच देण्यासारखा नव्हता, म्हणून माझ्या वाट्याला आला.