फुंकर

दिग्रस-यवतमाळ बसमध्ये माझ्या शेजारी रोज एक म्हातारा बसतो. कधीकाळी त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, त्यामुळे माझ्या मोबाईलमध्ये डोकं घालायचा त्याला जणू हक्कच आहे.

“कॅसेटच्या जमान्यात उड्या माराचे गेम, सीडीच्या जमान्यात मारामारीचे, अन् आता निस्त्या बंदुका. कायले खेळून राह्यले?” हे रोज ऐकायचं.

परवा रेंज गेली आणि गेम अडकला. त्यानं फोन ओढून घेतला आणि जुन्या कॅसेटमध्ये मारायचे तशी चार्जिंगच्या भोकात फुंकर मारली. नेमकी तेव्हाच रेंज आली आणि गेम सुरू झाला.

“गेम कोणताई असो, फुंकर मारा लागते,” तो म्हणाला.

रेंजचं सांगून सांगून मी थकलो. काल कंडक्टरचं तिकिटाचं मशीन अडकलं, तर त्यानं ते थेट म्हाताऱ्यापुढे धरलं.

तिकीट निघालं.