उज्ज्वलाने काढलेलं हिरवं पान

उज्ज्वला बिऱ्हाडे अकरा वर्षं साड्यांची खोकी सजवत होती. सुरतेच्या गोडादऱ्यात टायरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथे बसून ती लेबलं आणि कॅटलॉग तयार करायची. ऑफिसचं नाव अक्षरा ग्राफिक्स. माणसं चार, मालक लोकेश. तो अमरावतीकडचा, पण तिथल्या रीतीने सगळे त्याला लोकेशभाई म्हणत. उज्ज्वलाचे वडील पोपट बमरोलीच्या मिलमध्ये रंगखात्यात जन्म काढून आता घरी बसले होते. पोरगी पंख्याखाली बसून काम करते, तिच्या नखांत रंग जात नाही, याचं त्यांना मोठं अप्रूप होतं.

काम वाढत गेलं. साड्यांचे व्हिडिओ आले, दुकानांच्या वेबसाइटी आल्या. मग एका हॉटेलवाल्याने विचारलं, लोक आमच्याबद्दल वाईट लिहितात, ते खाली ढकलता येईल का? लोकेशने ते करून दाखवलं. त्यानंतर साड्यांपेक्षा असलीच कामं जास्त येऊ लागली.

एके दिवशी लोकेश म्हणाला, "ग्राफिक्स म्हटलं की लोक लग्नपत्रिका छापायला येतात. आता नाव बदलू. 'ओळख'. गुजरातीतही चालतं, मराठीतही."

उज्ज्वलाला नाव आवडलं. तिनेच त्याची अक्षरं काढली. काचेचा दरवाजा बसला, भिंती पांढऱ्या झाल्या, चौघांना नव्या नावाची ओळखपत्रं मिळाली. पोपटरावांनी तिचं कार्ड हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिलं.

नव्या नावाचं पहिलं मोठं काम वैभव नावाच्या माणसाने आणलं. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढायचा नाही. एका मिलला नवं नाव द्यायचं होतं, हरितधारा. चिन्हात पान हवं, पाणी स्वच्छ वाटायला हवं, एवढंच त्याने सांगितलं. उज्ज्वलाने आठ दिवस खपून एक पान काढलं. त्याच्या शिरा धाग्यांसारख्या विणलेल्या होत्या. इतकं चांगलं काम आपल्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, असं तिला वाटलं.

मग वैभवने दुसरी यादी पाठवली. जुन्या नावाने इंटरनेटवर जे जे होतं, ते काढायचं किंवा बुडवायचं. यादीतली पहिलीच बातमी उघडून उज्ज्वला थांबली. फोटोतलं फाटक तिच्या ओळखीचं होतं. दोन महिन्यांपूर्वी त्या मिलचा बॉयलर फुटून तीन कामगार गेले होते. त्यांतले सखाराम तिच्या मागच्या गल्लीतले. यादीत चौथा होता त्यांच्या बायकोचा, कलाबाईचा व्हिडिओ. कलाबाई फाटकासमोर उभी राहून सांगत होती, बॉयलर गळतोय हे माझ्या नवऱ्याने तीनदा सांगितलं होतं, त्याचं कोणी ऐकलं नाही.

उज्ज्वला लोकेशच्या टेबलाशी गेली. "लोकेशभाई, ही बाई माझ्या गल्लीतली आहे."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"उज्ज्वला, आपण फक्त नाव बदलतो. बाकीचं बघायला सरकार आहे."

जागेवर येऊन तिने तो व्हिडिओ स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेतला. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. तीन दिवस ती यादी पुढे ढकलत राहिली. चौथ्या दिवशी व्हिडिओ गायब झाला होता. ऑफिसातल्याच कोणीतरी शंभर खोट्या खात्यांवरून तक्रारी केल्या होत्या. कोणी केल्या हे तिने विचारलं नाही.

दुपारी वैभव आला. तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"बेन, पान फार सुंदर काढलंत," तो म्हणाला. "पोपटकाकांचा दमा कसा आहे आता? सकाळी दूध आणायला चौकापर्यंत जातात ना?"

तिने कधी कोणाला वडिलांच्या दम्याबद्दल सांगितलं नव्हतं. वैभव हसला, आणि तिच्या टेबलावरचं ओळखपत्र सरळ करून ठेवून निघून गेला. संध्याकाळी तिने ते कार्ड लोकेशच्या टेबलावर ठेवलं आणि काम सोडलं. त्याने ते उचलून खणात टाकलं.

महिनाभराने कलाबाई कागद घेऊन घरी आली. "माले वाचता येत नई, पोरी. काय लिखेल शे?"

भरपाईच्या अर्जाला कामगार खात्याचं उत्तर आलं होतं. त्या नावाची मिल आता अस्तित्वात नाही, त्या जागी दुसरी कंपनी आहे, तिचा अपघाताशी संबंध नाही. उज्ज्वलाने सावकाश वाचून सांगितलं.

कलाबाईने कागद परत हातात घेतला. मग म्हणाली, "मिल नई शे म्हंतस? मंग मन्हा माणूस कोठे जळना?"

पोपटराव खाटेवर उठून बसले. उज्ज्वला त्यांच्याकडे पाहत होती. वैभवची गोष्ट तिने त्यांना सांगितली होती.

"जा तू तिच्यासोबत वकिलाकडे," ते म्हणाले. "मी दूध उशिरा आणीन."

वकिलाच्या ऑफिसात उज्ज्वलाने फोनमधला व्हिडिओ दिला. नवं नाव कोणी मागितलं, कोणत्या तारखेला, यादीत काय होतं, पान कोणी काढलं, सगळं सांगितलं. वकीलबाईंनी विचारलं, "या जबाबावर सही केलीत की तुमचं नाव कंपनीच्या हाती जाईल. चालेल?" उज्ज्वलाने सही केली. अर्ज पुन्हा दाखल झाला, आणि या वेळी तो परत आला नाही. सुनावणीची तारीख मिळाली.

आता ती घरीच लेबलं करते. कामं थोडी मिळतात, आणि मिळालेली कारण न सांगता परत जातात. तारखेच्या आदल्या दिवशी भर दुपारी दार वाजलं. दारात कोणी नव्हतं. उंबऱ्यावर एक नवं कोरं साडीचं खोकं होतं, त्याच्यावर तिने काढलेलं ते हिरवं पान. खोकं रिकामं होतं. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवर बसलेल्या माणसाने तिला पाहून ओळखीची मान हलवली.

"कोण आहे गं?" आतून वडिलांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा," ती म्हणाली, आणि कडी लावून कलाबाईला फोन करायला बसली, उद्या किती वाजता निघायचं ते विचारायला.